झिलईखालचे मागणे

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ९५ क्रमांकाच्या दालनात मी पहिल्यांदा गेले ती जू भांडी पाहायला. जू म्हणजे सोंग राजवटीत, अकरावे शतक संपून बारावे सुरू होताना, दरबारासाठी घडवलेली फिकट निळसर-हिरवी भांडी. साऱ्या जगात ती शंभराच्या आतबाहेरच उरली आहेत. चिनी मातीकामाबद्दल थोडेफार वाचलेल्या कोणाही माणसाचे पाय आधी तिकडेच वळतात. माझेही वळले. वाटेत एक मोठी, जडशीळ, गडद हिरवी फुलदाणी लागली. तिच्यावरून नजर फिरवली आणि मी पुढे गेले.

परत येताना तिच्याजवळची पाटी वाचली, आणि त्या दिवशी जू भांड्यांकडे पुन्हा जायचे राहूनच गेले.

ही फुलदाणी लोंगछुआनची. चीनच्या आग्नेय भागातल्या झेजियांग प्रांतात, डोंगराळ नैर्ऋत्य टोकाला हे गाव आहे. उंची दोन फुटांहून जास्त. खाली निमुळती होत गेलेले अंग, भरलेले खांदे, लांब मान आणि कर्ण्यासारखे उघडत गेलेले तोंड. अंगावर पेओनीच्या फुलांची वेल कोरलेली. तोंडाच्या कडेशी, झिलईच्या खाली, चिनी अक्षरांची एक ओळ आहे. मला चिनी वाचता येत नाही. मी भाषांतरांवर अवलंबून आहे. त्या ओळीचा आशय असा : ग्वात्सांग परगण्यातल्या ज्येनछुआनजवळच्या ल्यूशान इथला, त्रिरत्नांना शरण गेलेला जांग जिनचंग याने मोठ्या फुलदाण्यांची एक जोडी भाजवून ज्युएलिन विहाराच्या मोठ्या धर्मसभागृहात बुद्धापुढे कायमची अर्पण केली आहे, घरादाराला सुख, शांती आणि भरभराट लाभावी एवढे मागणे आहे, ताइदिंग काळाच्या चौथ्या वर्षी, मध्य-शरदाच्या महिन्यात, शुभ दिवशी आदरपूर्वक लिहिले. ताइदिंगचे चौथे वर्ष म्हणजे इसवी सन १३२७.

या लेखात मला एवढेच विचारायचे आहे, की ही ओळ आपण कशी वाचतो. चिनी भांड्यांवरच्या ज्या लेखनाशी माझा परिचय आहे त्यात ही फुलदाणी वारंवार भेटते, पण बहुतेक ठिकाणी ती एका कामासाठी येते : तिच्यावर साल आहे. लोंगछुआनच्या भट्ट्यांतून शतकानुशतके लाखो भांडी निघाली आणि त्यांतल्या फार थोड्यांवर साल लिहिलेले आहे. त्यामुळे १३२७ हा आकडा अभ्यासकांना खुंटीसारखा उपयोगी पडतो. त्या खुंटीला बाकीची बिनतारखेची भांडी अडकवता येतात : अशी कोरीव वेल, असा आकार, असा रंग दिसला की चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. हे काम महत्त्वाचे आहे, त्याची थट्टा मला करायची नाही. पण त्या ओळीतले शेवटचे चार शब्द घेऊन बाकीचे वाक्य बाजूला ठेवायचे, ही वाचनाची रीत मला अपुरी वाटते. माझे म्हणणे असे, की ते वाक्य हा त्या कलाकृतीचाच भाग आहे; ते वाचल्याशिवाय या फुलदाणीचा आकार, वजन आणि रंगसुद्धा नीट कळत नाही.

रंगापासून सुरुवात करू. युरोपने या भांड्यांना 'सेलाडॉन' म्हटले. हे नाव सतराव्या शतकाच्या आरंभीच्या, ओनोरे द्युर्फे या लेखकाच्या एका लांबलचक फ्रेंच कादंबरीतल्या मेंढपाळ नायकावरून आले असे सांगतात. त्याचे नाव सेलादों आणि त्याच्या फिती फिकट हिरव्या. चीनमध्ये मात्र शब्द आहे 'छिंग-त्झ'. 'छिंग' म्हणजे हिरवा, निळा, आणि दोहोंमधले सगळे, कधी काळपटसुद्धा. पश्चिम आशियात हीच भांडी 'मर्तबानी' झाली, कारण ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून ती पुढे जात. हिंदी-उर्दूत लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात, तो शब्द याच बंदराचा. मोगलांच्या हिंदुस्थानात त्यांना 'घोरी' म्हणत, आणि विषारी अन्न वाढले तर घोरी ताटली त्याची खबर देते असा समज होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी १,३०० हून अधिक भांडी आहेत. तिथेही त्यांच्याबद्दल हीच ख्याती.

या प्रत्येक नावात भांडे पाहणारा दिसतो : कुणाला मेंढपाळाची फीत दिसली, कुणाला बंदर, कुणाला विषाची भीती. मराठीत मला या रंगासाठी एक शब्द सापडत नाही. पोपटी फार उजळ, मोरपंखी फार भडक, पिस्ता फार मिठाईवाला. सोंग काळातल्या उत्तम लोंगछुआनसाठी पावसाळ्यात ढग फाटल्यावर दिसणारे आभाळ आठवते. आमच्या या फुलदाणीला मात्र 'शेवाळी' शब्द चालेल. विहिरीच्या आतल्या पायरीवर असते तसे, ओले आणि खोल.

हा रंग येतो कुठून? रंग म्हणून वेगळे असे त्यात काही घातलेले नसते. झिलईत एक ते तीन टक्के लोखंडाचा अंश असतो. भट्टीत हवा मोकळी खेळली तर तोच अंश पिवळसर-तपकिरी होतो. बाराशे अंशांच्या पुढे तापलेल्या भट्टीत हवा कोंडली, धूर धरला, की आग प्राणवायूसाठी झिलईतल्या लोखंडापर्यंत जाते आणि लोखंड हिरवे-निळे होते. लोंगछुआनच्या भट्ट्या डोंगराच्या उतारावर सापासारख्या लांबच लांब बांधलेल्या असत, म्हणून त्यांना ड्रॅगन-भट्ट्या म्हणतात. उतारामुळे धुराड्याचे काम आपोआप होई. एका वेळी हजारो भांडी लागत, आणि भट्टीत कोणते भांडे कुठे ठेवले यावर त्याचे नशीब ठरे. दक्षिण सोंग काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांत, इथल्या कारागिरांनी झिलईचे मिश्रण असे बदलले की ती तापल्यावरही ओघळत नसे. मग तिचे थरावर थर देता येऊ लागले. त्या जाड झिलईत बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले कण राहतात, प्रकाश त्यांत अडखळतो आणि पृष्ठभाग जेड या हिरव्या रत्नासारखा मऊ दिसतो. जेडसारखे दिसणे ही या भांड्यांची सगळ्यात मोठी प्रतिष्ठा होती.

युआन काळात, मंगोल सम्राटांच्या राज्यात, गणित बदलले. भांडी मोठी झाली, जाड झाली, बाजार दूरदूर पसरला. कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ १९७०च्या दशकात समुद्राच्या तळाशी एक जहाज सापडले. चीनमधल्या आजच्या निंगबो बंदरातून ते जपानकडे निघाले होते. मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर १३२३ सालाची नोंद आहे. त्यातून वीस हजारांहून अधिक भांडी वर आली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त हिरव्या झिलईची. म्हणजे जांग जिनचंगने आपली जोडी भाजवली त्याच्या चारच वर्षे आधी त्याच्या मुलखातली भांडी जहाजे भरभरून परदेशी चालली होती. त्या एवढ्या गर्दीत या एका जोडीचा पत्ता ठरलेला होता : अमुक विहार, अमुक सभागृह, बुद्धापुढे.

हा पत्ता लक्षात घेतला की फुलदाणीचे 'दोष' वेगळे दिसू लागतात. चिनी रसिकांच्या जुन्या निकषांवर ती फारशी वर येत नाही. १३८८ मध्ये त्साओ झाओ याने प्राचीन वस्तूंची पारख सांगणारा 'गे गू याओ लुन' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो जुन्या लोंगछुआनची वाखाणणी करतो, पण जाड अंगाची भांडी तितकीशी बरी नव्हेत असाही शेरा मारतो. आमची फुलदाणी जाड अंगाचीच आहे. या घडणीच्या मोठ्या भांड्यांत अनेकदा तळ वेगळा करून आतून बसवत आणि भाजताना वितळलेल्या झिलईनेच तो जागी चिकटे. इतके हे काम वजनाचे. तिच्यावरची वेल नाजूक नाही. पाकळ्या रुंद आहेत, रेषा ठसठशीत आहेत, कोरलेल्या जागी झिलई साचून गडद झाली आहे आणि उंचवट्यांवर पातळ होऊन फिकी. तळहातावर घेऊन, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहायचे हे भांडे नव्हेच. सभागृहाच्या लांबीएवढ्या अंतरावरून, दिव्यांच्या आणि धुपाच्या अंधूक उजेडात, उभ्या-बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून ते दिसायचे आहे. बारीक कोरीवकाम तिथवर पोचले नसते. गडद-फिक्याचा हा खेळ पोचतो. शिवाय ती फुलदाणी आहे : वरून फांद्या आणि फुले येणार, म्हणून तोंड इतके पसरलेले आणि तळाला वजन. रसिकाच्या मेजावरून पाहिले तर जी जाडी खटकते, ती देवापुढच्या जागेवरून पाहिली तर गरज ठरते.

आता त्या वाक्याकडे. कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की असले लेख साचेबंद असतात. त्रिरत्ने, शुभ दिवस, घरादाराची भरभराट : हे सगळे दाते हेच लिहितात. त्यात एका माणसाची भावना शोधणे म्हणजे आपलीच भावना त्याच्या तोंडी घालणे नव्हे काय? हा आक्षेप मी बराच काळ मनाशी घोळवला. पण साचा म्हणजे पोकळ असे आपण आपल्या भाषेत तरी मानतो का? लग्नपत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापतात तेव्हा ते शब्द छापणाऱ्याचे स्वतःचे नसतात. तरी मुलीच्या बापाने पत्रिकेची पहिली प्रत देवापुढे ठेवताना त्या शब्दांत काहीच नसते, असे कोण म्हणेल? साचा म्हणजे चारचौघांनी वापरून गुळगुळीत केलेली वाट. ज्याला स्वतःचे शब्द घडवता येत नाहीत त्यालाही तिच्यावरून देवापर्यंत जाता येते.

आणि साच्यातही फटी असतात, माणूस त्यांतून डोकावतो. जांग जिनचंग आपला पत्ता सांगतो तो परगण्यापासून ल्यूशानपर्यंत. एवढा तपशील बुद्धासाठी असेल, गावकऱ्यांसाठी असेल. पण मागणे नेमक्या कोणत्या घरी पोचवायचे याबद्दल त्याला गफलत नको आहे. ज्येनछुआन हे लोंगछुआनचेच जुने नाव, म्हणजे माणूस भट्ट्यांच्याच मुलखातला. 'भाजून घडवले' या अर्थाचे क्रियापद त्याने वापरले आहे. त्याने स्वतः घडवले की पैसे देऊन घडवून घेतले, हे ते क्रियापद सांगत नाही. मराठीतही 'शहाजहानने ताजमहाल बांधला' म्हणताना आपण हीच मोकळीक घेतो. पण दाता आणि कारागीर एकच असण्याची शक्यता ते वाक्य खुली ठेवते. आणि लेख झिलईच्या खाली आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणजे माती ओलसर असताना तो कोरला, मग झिलई चढली, मग सगळे मिळून आगीत गेले. भाजल्यावर दुकानात नाव घातलेले हे भांडे नाही. मागणे आधी झाले, भांडे नंतर. भट्टीत ते फुटले असते तर मागणेही फुटले असते.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात एक पितळी पातेले होते. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी एका बाईचे नाव आणि एक साल घातलेले होते. ती बाई कोण हे घरात कोणालाही सांगता येत नसे. कोणत्या तरी लग्नात, कोणत्या तरी नात्याने ते आमच्याकडे आले होते. मी लहानपणी ते नाव बोटाने वाचत असे. पातेले अखेर मोडीत गेले. मोड घेणाऱ्याने वजन केले, नाव पाहिले नाही, आणि पाहावे असे आमच्यापैकीही कोणाच्या मनात आले नाही. त्या फुलदाणीच्या पाटीपुढे उभी असताना मला ते पातेले आठवले. अभ्यासक साल पाहतात आणि मोडवाला वजन पाहतो. दोघांनाही आपापल्या कामापुरते बरोबर दिसते.

याच दालनात आणखी एक जोडी आहे, आणि ती या फुलदाणीपेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे : १३५१ सालच्या निळ्या-पांढऱ्या 'डेव्हिड फुलदाण्या'. त्यांच्यावरही लेख आहे, त्याही एका देवस्थानाला अर्पण केलेल्या आहेत, आणि योगायोग असा, की त्यांच्या दात्याचे आडनावही जांगच : जांग वेनजिन. सोबत एक धूपदाणीही दिल्याचे तो सांगतो, आणि साऱ्या कुटुंबाचे रक्षण व मुलाबाळांचे क्षेम मागतो. या जोडीवरून युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा सगळा अभ्यास उभा राहिला. म्हणजे तिथेही साल जिंकले आणि मागणे मागे पडले.

दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले तर कलेच्या इतिहासातले एक मोठे वळण हाताला लागते. १३२७ चा लेख टोकदार हत्याराने मातीत कोरलेला आहे आणि हिरव्या झिलईने झाकलेला. तो शोधावा लागतो. १३५१ चा लेख जिंगदेचेनच्या कारागिराने पांढऱ्या अंगावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने, कुंचल्याने लिहिला आहे. तो लांबूनही वाचता येतो. अवघ्या चोवीस वर्षांत भांडे हे लिहिण्याचा कागद झाले. पुढची कित्येक शतके त्या निळ्या-पांढऱ्याची होती. 'गे गू याओ लुन'च्या कर्त्याला हे नवे काम अगदी ग्राम्य वाटले होते, पण जगाने त्याचे ऐकले नाही. लोंगछुआनच्या भट्ट्या त्यानंतरही चालू राहिल्या, मात्र पहिला मान गेला. २००९ मध्ये युनेस्कोने तिथल्या भाजण्याच्या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

हाताची रीत बदलली, मागणे मात्र बदलले नाही. आणि दोन्ही मागण्यांची वेळ पाहा. १३२७ च्या पुढच्याच वर्षी ताइदिंग सम्राट वारला आणि गादीसाठी राजघराण्यात युद्ध पेटले. १३५१ मध्ये तांबड्या फेट्यांच्या बंडाला तोंड फुटले आणि सतरा वर्षांत राजवटच गेली. दोन्ही जांगांना हे कळण्याचे कारण नव्हते. त्यांच्या ओळींत भविष्यवाणी शोधू नये. पण 'घरादाराला शांती' हे शब्द कोणत्या काळात कोरले गेले हे कळल्यावर ते मला निव्वळ उपचाराचे वाटेनासे झाले.

ही दोन्ही मागणी एकत्र आली ती मुंबईच्या एका माणसामुळे. पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. वडील सर ससून डेव्हिड हे बगदादी ज्यू समाजातले बडे गिरणीमालक, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. मुलाने मन लावले ते चिनी भांड्यांत. १९३५-३६ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत भरलेल्या चिनी कलेच्या मोठ्या प्रदर्शनामागे त्यांचाच पुढाकार होता. ते चिनी शिकले, जू भांड्यांवर त्यांनी दीर्घ निबंध लिहिला, आणि ज्या ग्रंथाने आमच्या फुलदाणीसारख्या जाड भांड्यांना नाक मुरडले त्या 'गे गू याओ लुन'चे इंग्रजी भाषांतरही केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. डेव्हिड फुलदाण्यांची जोडी त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवून पुन्हा एकत्र आणली. लेख असलेल्या भांड्यांचा त्यांना विशेष ओढा होता. लेखांच्या आधारे इतिहास रचता येतो हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले. म्हणून ज्या वाचनाला मी अपुरे म्हणते आहे, त्याच वाचनाने ही फुलदाणी वाचवली आहे, हे मला मान्य केले पाहिजे. साल नसते तर जाड अंगाची ही हिरवी फुलदाणी जू भांड्यांच्या शेजारी आली असती का?

डेव्हिड यांनी १९५२ मध्ये आपला संग्रह लंडन विद्यापीठाच्या छायेखाली लोकांसाठी खुला केला. पुढे २००९ मध्ये तो ब्रिटिश म्युझियममधल्या या दालनात उसना आला. २०२४ मध्ये सुमारे १,७०० वस्तूंचा हा सारा ठेवा म्युझियमला कायमचा दिल्याचे जाहीर झाले. बातम्यांत त्याची किंमत सुमारे एक अब्ज पौंड सांगितली गेली. ती बातमी वाचताना मी 'कायमचा' या शब्दाशी थांबले. हाच शब्द जांग जिनचंगने १३२७ मध्ये वापरला होता. ही फुलदाणी दोनदा कायमची दिली गेली आहे, पहिल्यांदा बुद्धाला आणि दुसऱ्यांदा म्युझियमला. पहिले 'कायम' टिकले नाही. बुद्ध नाही, फुले नाहीत, जोडीतली दुसरी फुलदाणीही काचेमागे तिच्या शेजारी नाही. निळ्या-पांढऱ्यांची जोडी जुळली, हिची नाही.

तक्रार म्हणून मी हे सांगत नाही. विहारात राहिली असती तर ही फुलदाणी कदाचित केव्हाच फुटून गेली असती, आणि मराठीत तिच्यावर लिहायला मी नक्कीच बसले नसते. माझी अपेक्षा लहान आहे. अशा वस्तूची पाटी लिहिताना, तिच्यावर निबंध लिहिताना, दात्याचे वाक्य आधी यावे आणि साल त्याच्या मागून यावे, जसे ते मूळ लेखातही शेवटीच येते. असे केल्याने कालगणनेचे काहीच बिघडत नाही. मात्र पाहणाऱ्याला वस्तूसमोर कुठे उभे राहायचे ते कळते : मेजाशी बसून न्याहाळणाऱ्या पारख्याच्या जागी, की सभागृहात मागे, घरच्यांसाठी काही मागायला आलेल्या माणसाच्या जागी.

दुसऱ्यांदा त्या दालनात गेले तेव्हा मी जू भांड्यांकडे गेले नाही. फुलदाणीपासून काही पावले मागे सरकले, जमले तितके. दालन लहान आहे, पाठीमागे दुसरे कपाट येते. तरी त्या अंतरावरून बारीक तडे, डाग, पाटीवरची अक्षरे दिसेनाशी झाली आणि वेल उठून दिसली. गडद, फिकट, गडद. ती याच अंतरासाठी कोरलेली होती.